हिच्या वाट्याची भाकर

११ जानेवारी

चि. बारकी हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही मंगळवारी पोचलो. सुखरूप म्हणायला हरकत नाही, पण माझी कंबर अजून गाडीतच राहिली आहे असं वाटतं. तू फोन कर म्हणून बजावलं होतंस. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला थांबता येत नाही. टेलिफोन खात्यात सदतीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून दिलीस, आता स्वतःची भरपाई करतेस. तेव्हा पत्रच बरं. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या अक्षराला हसू नकोस. जन्मभर पुस्तकांना शिलाई घातली, पण वाचली ती फक्त सुटी झालेली पानं. त्यामुळे माझ्या डोक्यात सगळ्याचंच मधलं थोडं थोडं आहे.

चिरंजीवाचं घर चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्टमध्ये मला कपाटात कोंडल्यासारखं होतं, म्हणून मी जिन्याने जातो आणि प्रत्येक मजल्यावर थांबून लोकांच्या चपला मोजतो. चिरंजीव फ्रिज दुरुस्त करायला दिवसभर बाहेर, सूनबाई औषधाच्या दुकानात कामाला. दोघंही आमचं सगळं करतात, खोटं कशाला बोलू. आम्हाला खिडकीची खोली दिली आहे आणि ती दोघं बाहेर झोपतात.

तुझ्या वहिनीच्या पोटातली गाठ काढावी लागणार. अंगात रक्त कमी आहे, म्हणून महिनाभर औषधं आणि मग १५ फेब्रुवारीला ऑपरेशन. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन 'वयाच्या मानाने' असं तीनदा म्हटलं. पुढचं वाक्य काही बोलल्या नाहीत.

ही मात्र शांत आहे. तिने एकच गोष्ट मागितली आहे. ऑपरेशनच्या आधी मला प्रभुभोजन मिळू दे, म्हणाली, तेवढी भाकर आणि प्याला मिळाला की मग खुशाल कापा. बारकी, सेहेचाळीस वर्षांच्या संसारात हिने माझ्याकडे एक इस्त्री मागितली होती, तीसुद्धा चर्चच्या मेजावरची कापडं नीट निघत नव्हती म्हणून. त्यानंतर हे. आणि हेच मला इथे मिळत नाही.

आपलं अँग्लिकन चर्च या शहरात नाही. एक होतं म्हणे, तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. दाराची कमान तेवढी राहिली आहे. मी कमानीखाली टोपी काढून उभा राहिलो, तर रखवालदार म्हणाला, आजोबा, सोफे वरच्या मजल्यावर.

रविवारी चिरंजीवाबरोबर त्याच्या पेंटेकोस्टल मंडळीत गेलो. टायरच्या दुकानावर एक हॉल आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या, ढोल, दोन माइक आणि कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीने झाकलेली मोठी टाकी. पुस्तक नाही, गुडघे टेकायला पाट नाही. कुठे काय करायचं ते कुणीच सांगत नाही आणि सगळ्यांना ठाऊक असतं. पापांच्या कबुलीची वेळ झाली असावी अशा अंदाजाने मी फरशीवर गुडघे टेकले. शेजारच्या बाईंना वाटलं म्हातारा पडला. तिघांनी मला उचललं, एकाने पाणी आणलं, एकाने वारा घातला. मी प्रार्थना करतोय हे सांगेपर्यंत गाणं संपलं होतं.

नंतर त्यांचे सुटातले पास्टर भेटले. तुमचं तारण कधी झालं, असं विचारलं. मी म्हटलं, चाळीस दिवसांचा असताना बाप्तिस्मा झाला, बाराव्या वर्षी बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला. ते माझ्याकडे असे हसले, जसं लहान मूल 'मी आज शाळेत पहिला आलो' म्हणतं तेव्हा आपण हसतो. हिच्यासाठी भोजन मागितलं. आनंदाने देऊ, म्हणाले, पण आधी दोघांना टाकीत पूर्ण बुडून बाप्तिस्मा घ्यावा लागेल, लहानपणी कपाळावर शिंपडलेलं आम्ही धरत नाही. म्हणजे बहात्तर वर्षं मी धरून चाललो ते धरण्यासारखं नव्हतंच. चिरंजीव शेजारी उभा होता. त्याच्या कपाळावर पाणी घालताना कुंडाशी मीच त्याला धरलं होतं. तो खाली बघत राहिला.

आपल्या पाळकसाहेबांना विचार. काहीतरी वाट काढायला सांग. उत्तर लगेच लिही, नाहीतर तुला काय झालं असेल या काळजीत मी पडेन, आणि काळजी ठेवायला माझ्याकडे आता जागा उरलेली नाही.

तुझा,
दादा

१६ जानेवारी

ति. दादास,
बारकीचा सप्रेम सलाम.

पत्र वाचून आधी हसले आणि मग डोळे पुसले. सत्तरीला टेकलेल्या बाईला बारकी म्हणणारा तू एकटाच उरलास, तेव्हा जरा जपून रहा आणि फरशीवर गुडघे टेकू नकोस.

इथली हकीकत विचारशील तर रविवारी आम्ही अकराजणं होतो. अकरावी मांजर. पाळकसाहेबांकडे आता चार गावांची चार चर्चेस दिली आहेत, एका रविवारी एक. त्यांची मोटारसायकल धक्का दिल्याशिवाय सुरू होत नाही आणि धक्का द्यायला मंडळीत तरुण माणूस नाही, म्हणून उपासना संपली की आम्ही म्हाताऱ्या बायकाच त्यांना ढकलत फाटकापर्यंत नेतो. त्यांना वहिनीचं सांगितलं. म्हणाले, एवढ्या लांब जायचं म्हणजे एक रविवार मोडेल, बघतो. नाही म्हणाले नाहीत, हे लक्षात घे.

मेजावरची कापडं सध्या मी धुते. वहिनीच्या जागी कुणीतरी करायला हवं. माझी इस्त्री बघून खजिनदारीणबाई म्हणाल्या, कापडावर गावाचा नकाशा उमटलाय.

तोवर तू एक कर. तिथे रोमन कॅथलिक चर्च असेलच. ते काही परके नाहीत, आपल्या मावशीचंच घर. तिथे गुडघे टेकतात, मेणबत्त्या असतात, कुणी वारा घालणार नाही. त्यांच्या फादरना जाऊन भेट. पदर पसरायला लाज वाटत असेल तर टोपी पसर. आणि चिरंजीवावर डाफरू नकोस. त्याला देव सापडलाय तो टायरच्या दुकानावर, आपल्याकडे असताना तो बाकावर पेंगत असायचा. ते दुःख आपलं आहे, त्याचा राग त्याच्यावर काढू नये.

वहिनीला माझा सलाम आणि तुझ्याबद्दल सहानुभूती.

तुझी,
बारकी

२७ जानेवारी

चि. बारकी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या मावशीच्या घरी जाऊन आलो. खालच्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात, त्या कॅथलिक आहेत. त्यांच्याबरोबर रविवारी सकाळच्या मिस्साला गेलो. चिरंजीवाने स्वतः स्कूटरवरून फाटकापर्यंत सोडलं. बाबा, तुम्ही निवांत या, आईजवळ आम्ही दोघं आहोत, असं म्हणाला. मला नवल वाटलं, कारण एरवी कॅथलिकांच्या पुतळ्यांचं नाव काढलं की त्याच्या कपाळाला आठी पडते. म्हटलं, मुलगा सुधारला.

बारकी, आत शिरलो आणि मला घरी आल्यासारखं झालं. पाटावर गुडघे टेकले, कुणी उचललं नाही. उभं राहायचं तिथे उभा राहिलो, बसायचं तिथे बसलो, एकदाही चुकलो नाही. फादर हळू आवाजात वाचत होते. माझे डोळे भरून आले. शिवणकामवाल्या बाईंनी मला रुमाल दिला. म्हटलं, इथेच यायचं, उरलेलं आयुष्य इथे मागच्या बाकावर काढायचं.

मग प्रभूची प्रार्थना आली. तू म्हणतेस तसा माझा आवाज बहिऱ्या माणसाचा, म्हणजे मोठा. सगळ्यांबरोबर म्हणत गेलो. वाइटापासून सोडव, इथपर्यंत आलो आणि नेहमीप्रमाणे पुढची ओळ सुरू केली, राज्य तुझं, सामर्थ्य तुझं, ती. आणि बघतो तर मी एकटाच. चारशे माणसं गप्प. ते लोक तिथे थांबतात, बारकी. तिथे फादरचं काही वेगळं वाचन असतं आणि आपली ती ओळ मागाहून येते. मला कुणी सांगितलंच नव्हतं. एवढ्या मोठ्या छताखाली माझा एकट्याचा आवाज घुमला, आणि अर्ध्यावर आल्यावर गिळताही येईना आणि पुरीही करता येईना. पुढच्या बाकावरच्या दोन मुली खांदे हलवून हसत होत्या. सगळं बरोबर करून शेवटच्या ओळीला मी परका ठरलो.

उपासनेनंतर फादरना भेटलो. तरुण आहेत, फार सज्जन. चहा दिला, हिच्या दुखण्याची चौकशी केली. ती ओळ ऐकूनच मी कोण ते ओळखलं, असं हसत म्हणाले. मी हिचं मागणं सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, आजोबा, तुम्ही आमचेच आहात, पण. तो 'पण' आला आणि मी चहाचा कप खाली ठेवला. आजारी माणसासाठी प्रार्थना करीन, घरी येऊन आशीर्वाद देईन, पण भोजन देता येणार नाही, नियम आहे. आमच्यात रीतसर आलात तर दारं उघडी आहेत. आपल्या बिशपांनी डोक्यावर हात ठेवून पाळकसाहेबांना पाळक केलं, तो हात फादरच्या हिशेबात धरला जात नाही.

म्हणजे बघ. तिकडे आपलं पाणी कमी पडलं, इकडे आपला हात कमी पडला. तिकडच्यांना आपण फार कॅथलिक वाटतो, इकडच्यांना पुरेसे वाटत नाही. लहानपणापासून पाळक सांगत आले, आपण अँग्लिकन, आपली वाट मधली. मधल्या वाटेवर उभं राहिलेल्याला दोन्ही बाजूंच्या गाड्या धक्का देऊन जातात, हे कुणी सांगितलं नाही.

घरी आलो तर आणखी एक. एवढ्या थंडीत यांनी हिचं डोकं धुतलेलं. केस ओलेचिंब, खांद्यावर टॉवेल, आणि ही खुर्चीत बसून कुडकुडतेय. माझा पारा चढला. सूनबाईला वाटेल ते बोललो, औषधाच्या दुकानात उभी राहतेस आणि एवढी अक्कल नाही, असं. ती रडत आत गेली. ही म्हणाली, तिला काही बोलू नका, मीच म्हटलं होतं. संध्याकाळी पोटभर जेवली. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, तुम्ही आधी माझ्यावर पांघरूण घाला, मग ओरडा.

पंधरा तारीख जवळ येतेय. पाळकसाहेबांना पुन्हा विचार. नाही म्हणाले तर मला कळवू नकोस, नुसतं उत्तर लिहू नकोस, मी समजेन. नको, तरीही लिही.

तुझा,
दादा

२ फेब्रुवारी

ति. आत्यास,
सप्रेम सलाम.

बाबा तुला पत्र लिहितात, पण आत काय आहे ते आम्हाला सांगत नाहीत. मी पहिल्यांदाच तुला लिहितोय. फोनवर सांगायला गेलो असतो तर धीर झाला नसता.

तू पाळकसाहेबांना आईसाठी पाठवायचं बघतेस असं कळलं. म्हणून हे सांगणं भाग आहे. बाबा कॅथलिक चर्चमध्ये गेले त्या रविवारी आईने आमच्या हॉलमध्ये बाप्तिस्मा घेतला.

आत्या, मी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. मी फक्त तिच्यापुढे रडलो. मला खरंच वाटतं, आई तशीच गेली तर मला पुन्हा कधी भेटणार नाही. तुला हे खुळ्यासारखं वाटेल. मला दिवसभर लोकांच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागे हात घालून काम करताना तेच वाटत असतं. मी तिला ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, एवढंच ना, मग चल, पाणी फार गार नको एवढं बघ. जणू मी तिला माळ्यावरचा डबा काढून द्यायला सांगितलं होतं. खालच्या टायरवाल्याने स्टोव्ह दिला, मंडळीतल्या बायकांनी बादल्या वर नेल्या, पाणी कोमट केलं. दोघींनी तिला धरून उतरवलं. वर आली तेव्हा खोकला येत होता आणि ती हसत होती. मग तिला भाकर आणि प्याला दिला. तिने मला हळूच विचारलं, गुडघे टेकायचे नाहीत का रे. मी नाही म्हटलं. ती थोडा वेळ भाकरीकडे बघत बसली आणि मग खाल्ली.

घरी परतताना मी तिला म्हटलं, आता झालं ना तुझ्या मनासारखं. ती म्हणाली, तुझ्या मनासारखं झालं, माझं व्हायचंय.

बाबांना तिने सांगू दिलं नाही. मीच सांगीन, म्हणाली, मेजापुढे सांगीन, तिथे ते ओरडत नाहीत. बाबा त्या दिवशी ओल्या केसांवरून माझ्या बायकोला बोलले, तेव्हा ही बिचारी चूप राहिली, आईला शब्द दिला होता म्हणून.

आता पाळकसाहेबांना पाठवायचं का नाही ते तू ठरव. मला राग येणार नाही. मी त्या दिवशी घराबाहेर थांबेन.

तुझा लाडका होतो तो,
भाचा

६ फेब्रुवारी

ति. दादास,
सप्रेम सलाम.

पाळकसाहेब येताहेत. १४ तारखेला सकाळच्या बसने निघून दुपारी पोचतील, रात्रीच्या बसने परत. रविवार मोडतोय, मोडू दे. लाकडी पेटीतला तो छोटा प्याला आणि ताटली घेऊन येतील. मी येणार होते, पण गुडघा बसच्या पायरीला घाबरतो.

त्यांच्याबरोबर मेजावरचं एक कापड पाठवतेय, वहिनीनेच काठ शिवलेलं. दोनदा इस्त्री केली आहे. तरी तिला घडी चुकलेली दिसेलच, तिला सांग की मन लावून चुकवली आहे.

दादा, आता माझं जरा ऐक. तू माणूस चांगला आहेस, पण काळजी वाढली की तुझ्या तोंडून सुई बाहेर येते. आईच्या आजारपणातही तू असाच बोललास आणि मग कोपऱ्यात बसून रडलास. त्या दिवशी वहिनी काही सांगू लागली तर तिला मधे तोडू नकोस. राग आला तर आधी घोटभर पाणी पी. मग बघ बोलण्यासारखं काही उरतंय का. याहून जास्त मी लिहीत नाही.

पाळकसाहेबांना जेवल्याशिवाय बसमध्ये बसवू नका. वहिनीचा हात माझ्या वतीने धर.

तुझी,
बारकी

२४ फेब्रुवारी

चि. बारकी हिस,
अनेक आशीर्वाद.

तू चिरंजीवाकडून फोनवर सगळं ऐकलं असशील. ती गेली एवढं ऐकलं असशील. बाकीचं त्याला माहीत नाही, तो त्या दुपारी खाली फाटकाशी उभा होता. खोलीत आम्ही तिघंच होतो. पाळकसाहेब कुणाला सांगणार नाहीत. म्हणून मी लिहितो.

पाळकसाहेब तीनला पोचले. हिने सकाळपासून केस विंचरून घेतले होते. सूनबाईने औषधांचं टेबल रिकामं करून पुसलं. तुझं कापड अंथरलं, तर ही म्हणाली, बारकीने इस्त्री उलट्या बाजूने केलीय. पाळकसाहेब हसले, मी हसलो. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

सगळं आपल्या पुस्तकाप्रमाणे झालं. पुस्तक माझंच, मीच दोनदा बांधलेलं. हिला चष्म्याशिवायही सगळं पाठ होतं. प्रभूची प्रार्थना शेवटच्या ओळीपर्यंत तिघांनी मिळून म्हटली. पाळकसाहेबांनी भाकरीवर आशीर्वाद म्हटला आणि तीन तुकडे केले. एक त्यांनी घेतला, एक मला दिला. आजारी माणसाला सगळ्यात शेवटी देतात, तसं पुस्तकात लिहिलं आहे. मग ते ताटली घेऊन हिच्याकडे वळले.

ती म्हणाली, जरा थांबा, मला यांना सांगायचंय. आणि तिने सांगितलं. मुलासाठी मी पाण्यात गेले. तिथे भाकरही घेतली. त्याचं मन राखलं, आता माझी आहे ती मला द्या. एवढंच. आवाज अगदी साधा. माझ्याकडे बघत होती.

मला ओले केस आठवले. स्कूटर आठवली. मी त्या कॅथलिक छताखाली हिच्यासाठी हसू करून घेत होतो तेव्हा इकडे स्टोव्हवर पाणी तापत होतं. फर्निचरच्या दुकानाची कमान आठवली. महिनाभर मी दारोदार हिच्यासाठी मागत फिरलो आणि हिने माझं बहात्तर वर्षांचं पाणी टाकीत नेऊन ओतलं, असं मला वाटलं. शेजारी पाण्याचा तांब्या होता, बारकी. तुझं पत्र माझ्या खिशात होतं.

मी म्हटलं, आता कशाला? तुझं पोट तिकडे भरलंय की.

एवढंच बोललो. ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरं झालं असतं, माझ्या ओरडण्याची तिला सवय होती.

पाळकसाहेबांचा हात पुढेच होता. ते तसेच वाकून उभे राहिले. तिचं नाव घेऊन त्यांनी पुन्हा भाकर पुढे केली. तिने माझ्याकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि मान हलवली. ते बराच वेळ थांबले. मी एक शब्द बोललो असतो तर तिने तोंड उघडलं असतं. मी खिडकीबाहेर पाहत होतो. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं, त्या मी मोजत होतो. सात होत्या. तिने कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

आशीर्वाद म्हटलेली भाकर टाकता येत नाही, ठेवून देता येत नाही. तुला माहीतच आहे, जे उरेल ते तिथल्या तिथे, घेणाऱ्यांनीच संपवायचं. पाळकसाहेबांनी ताटली माझ्यापुढे धरली. मी तो तुकडा उचलला आणि खाल्ला. माझा आणि हिचा, दोन्ही मीच खाल्ले. प्याल्यातलं उरलेलं त्यांनी घेतलं. कापडाची घडी घातली. जेवायला थांबले नाहीत.

रात्री तिच्या अंगाला हात लावून सांगायचं ठरवलं होतं. ती झोपली आहे असं वाटलं. झोपली नव्हती, मला माहीत होतं. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी हॉस्पिटलची माणसं वेळेच्या आधी आली. स्ट्रेचरवरून नेताना म्हणाली, चष्मा सांभाळा. तिचा की माझा, ते विचारायचं राहिलं. गाठ निघाली म्हणाले, पण ती जागी झाली नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

मातीला सगळे आले. सुटातल्या पास्टरनी मोठ्याने प्रार्थना केली, आमची बहीण म्हणाले. फादर शिवणकामवाल्या बाईंबरोबर आले, तेही आमची बहीण म्हणाले. मेल्यावर तिचं कुणालाच काही कमी पडलं नाही. मी पुस्तकातलं वाचायला उभा राहिलो, पण अक्षरं दिसेनात. चिरंजीवाने माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि त्याने वाचलं. आपलं पुस्तक, शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता. आणि मी त्याला इतके दिवस काय समजत होतो.

तू मला काय लिहिशील याची भीती वाटते. तरी लिही.

तुझा,
दादा

१ मार्च

ति. दादास,
सलाम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. समजूत घालणारं काहीतरी लिहावं म्हणून दोन कागद फाडले. समजूत घालत नाही.

मला माहीत होतं. भाच्याने मला आधीच कळवलं होतं. वहिनी मेजापुढे सांगणार, कारण तिथे तू ओरडत नाहीस, असं ती म्हणाली होती. मी तुला ते लिहायला हवं होतं. तिचा शब्द मोडू नये म्हणून पाण्याच्या घोटाचं लिहीत बसले. सदतीस वर्षं लोकांचे निरोप पोचवले आणि हा एक पोचवला नाही. तेव्हा तुझ्या जोडीला मीही आहे.

पाळकसाहेबांनाही ते निघायच्या आधीच मी सगळं सांगितलं होतं. त्यांनी तिथे जाऊन ऐनवेळी नाही म्हणू नये म्हणून. त्यांनी काय म्हटलं ते तुला कळलेलं बरं. म्हणाले, आपल्या नियमात दुसरा बाप्तिस्मा बसत नाही, पण भुकेलं माणूस पानावर बसलं असताना आधी कुठे जेवलास असं मी विचारणार नाही, मी देणार आहे.

तेव्हा दादा, पास्टरनी नाही म्हटलं ते त्यांच्या नियमाने. फादरनी नाही म्हटलं ते त्यांच्या नियमाने. आपल्या चर्चने नाही म्हटलं नव्हतं.

कापड परत आलंय. त्याची घडी तशीच आहे, उलट्या बाजूची. मी ते धुतलेलं नाही. इकडे ये. न येशील तरी लिहीत जा. रागावले आहे, पण तुला सोडून रागवायला मला दुसरं कोण आहे.

बारकी

१५ मार्च

चि. बारकी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बरं केलंस, लिहिलंस ते.

तिकडे आत्ताच येत नाही. चर्चमध्ये तिची जागा माझ्या शेजारी आहे, आणि पाळकसाहेब ताटली घेऊन माझ्यापुढे उभे राहतील. माझ्याच्याने व्हायचं नाही. फादरकडे दोनदा जाऊन आलो. आता मी त्यांच्याबरोबर बरोबर थांबतो, शेवटच्या ओळीला. कुणी हसत नाही.

मागच्या रविवारी चिरंजीवाबरोबर हॉलमध्ये गेलो. ती निळी ताडपत्री काढून टाकी आतून पाहिली. तळाला निळ्या फरशा आहेत आणि उतरायला चार पायऱ्या. एक पायरी सैल आहे. चिरंजीवाला सांगितलं, तो नीट करणार आहे.

शेवटी त्यांनी भाकरीचा ट्रे फिरवला. त्यांच्यात खुर्चीवर बसूनच घेतात, एकाने दुसऱ्याकडे द्यायचा. पास्टरनी लांबून मान हलवून मला घ्या अशी खूण केली. एवढे दिवस नाही म्हणणारा माणूस, पण त्या दिवशी कीव आली असावी. ट्रे माझ्या मांडीवर आला. मी तो शेजारच्या बाईंकडे सरकवला. त्याच त्या, वारा घालणाऱ्या. त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, आजोबा, तुम्ही नाही घेत?

मी म्हटलं, बाई, मी मागच्याच महिन्यात दोघांचं घेतलंय.

त्यांना काही कळलं नाही. तू तेवढी रागावत रहा, आणि लिहीत रहा.

तुझा,
दादा